सामानाजवळ कोण बसणार?

मार्च महिना लागला की बंगळूरच्या मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. मुलांच्या परीक्षा कधी संपतात हा एक, आणि यंदा सुट्टीत कुठे जायचे हा दुसरा. पूर्वी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. बेळगाव, कोल्हापूर नाही तर पुणे, म्हणजे आजोळ. आणि हात जरा सैल असला तर गोवा. हल्ली मात्र नकाशा मोठा झाला आहे. कुणाचा मुलगा जर्मनीत शिकतो, कुणाच्या यजमानांना कंपनी पॅरिसला पाठवते, आणि मग ‘एवढे तिकीट काढलेच आहे तर’ या वाक्याने सुरू झालेला बेत थेट भूमध्य समुद्रापर्यंत जाऊन पोहोचतो.

जयनगरच्या एका वाचक भगिनीचे असेच पत्र आले आहे. यजमानांचे पॅरिसमधले काम आटोपल्यावर चार दिवस समुद्रकाठच्या एखाद्या शहरात घालवायचे आहेत. मंडळी पाच. नवरा-बायको, तेरा आणि आठ वर्षांची दोन मुले, आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. मुलांना पोहता येते, म्हणून समुद्र हवा. सासूबाईंना रिकामे बसवत नाही, म्हणून शहर हवे. तेव्हा बसमध्ये बसून किनाऱ्यावर जाता येईल असे ठिकाण सुचवा, महिना सांगा, व्हिसाचे आणि खाण्यापिण्याचे काय तेही लिहा, अशी मागणी आहे. पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, त्यांनी एक ओळ घातली आहे. लग्नाला पंधरा वर्षे झाली, गणपतीपुळे, मालवण, कळंगुट सगळे पाहून झाले, पण प्रत्येक ठिकाणी त्या चपला आणि पिशव्या सांभाळत वाळूत बसल्या. या वेळी तरी पाण्यात उतरता येईल का?

माझ्या मते आधी उत्तर द्यायला हवे ते या शेवटच्या ओळीचे. कारण सामानाजवळ कोण बसणार हे एकदा ठरले की कोणते शहर, कोणता महिना, बरोबर काय न्यायचे आणि काय घरी ठेवायचे हे बरेचसे आपोआप ठरत जाते. ते ठरवले नाही, तर हजारो मैलांचा प्रवास करूनही आपल्या घरातली बाई शेवटी पिशव्यांपाशीच बसते. फरक एवढाच की पिशव्या परदेशी वाळूवर असतात.

शहरातला समुद्र म्हणजे काय

शहरी किनारा आणि आपला कोकणातला किनारा यांत मोठा फरक आहे. गुहागरला सकाळी सातला गेलात तर किनाऱ्यावर तुम्ही, दोन कुत्री आणि लांबवर एखादी होडी. मार्सेलिस, नीस किंवा बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर जुलैतल्या रविवारी टॉवेल पसरायला जागा मिळवावी लागते. शहरातले लोक कामावरून सुटून येतात, तासभर पोहतात आणि बस पकडून घरी जातात. गिरगाव चौपाटीवर आपण भेळ खायला जावे तितक्या सहजपणे ते समुद्रात उतरतात. हे वातावरण मोठे छान असते. पण गर्दी आली की हातचलाखी करणारेही येतात. मोबाईल, पाकीट आणि पासपोर्ट ठेवलेली पिशवी टॉवेलखाली दडवून सगळे कुटुंब पाण्यात गेले, तर परत येईपर्यंत ती तिथेच असेल याची हमी कोणी देऊ नये. बार्सिलोना तर खिसेकापूंसाठी जगभर बदनाम आहे. तिथली लांबलचक वाळू १९९२च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने शहराने जवळजवळ नव्याने तयार केली. त्याआधी त्या काठावर कारखाने आणि रेल्वेचे रूळ होते. किनारा सुरेख आहे, पण पॅरिसला येणाऱ्या कुटुंबाने चार दिवसांसाठी आणखी एका देशात जावे असे मला वाटत नाही. फ्रान्समध्येच राहावे. मग प्रश्न उरतो नीस की मार्सेलिस.

नीसचा उपसागर निळाशार आहे, आणि काठाकाठाने सुमारे सात किलोमीटरचा रुंद पदपथ आहे. इंग्रज हिवाळ्यात थंडी चुकवायला इथे येऊन राहत आणि हा रस्ता १८२०च्या दशकात त्यांच्याच पैशातून सुरू झाला, म्हणून त्याचे नावच ‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’ असे पडले. २०२१ मध्ये युनेस्कोने नीस शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. सासूबाईंना बसायला निळ्या खुर्च्या, समोर समुद्र, मागे ट्राम, विमानतळही जवळ. मात्र किनाऱ्यावर वाळू नाही. गुळगुळीत, मुठीएवढे गोटे आहेत. अनवाणी चालताना पाय वाकडे पडतात आणि तळवे पोळतात. शिवाय काठ उतरता आहे. दोनचार पावले टाकली की मोठ्या माणसाचीही उभे राहण्याची सोय संपते. पोहता येणाऱ्या मुलांना मजा, पण पोहता न येणाऱ्या आईला तिथे धीर होणार नाही. आणि आपल्या बायकांपैकी किती जणींना पोहता येते?

म्हणून माझे मत मार्सेलिसला. फ्रेंच लोक त्याचा उच्चार ‘मार्सेय’ असा करतात, एवढे तिकीट काढताना लक्षात ठेवा. जुन्या बंदरापासून पायी वीसपंचवीस मिनिटांवर कातालाँचा छोटासा किनारा आहे. तिथे वाळू आहे, आणि उतारही सौम्य. दुमांच्या ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ कादंबरीतली मर्सेदेस याच वस्तीतली, आणि नायकाला जिथे डांबले होते तो शातो दिफचा किल्ला मार्सेलिसच्या समोरच समुद्रात एका खडकाळ बेटावर उभा आहे. कादंबरी वाचलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला एवढे सांगितले तरी तो खूष होईल. जुन्या बंदराहून ८३ नंबरची बस समुद्राकाठच्या रस्त्याने प्रादोच्या किनाऱ्यांकडे जाते. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडच्या पुतळ्याची प्रतिकृती दिसली की उतरायचे. हे किनारे आणि त्यांना लागून असलेले विस्तीर्ण हिरवळीचे मैदान मुळात निसर्गाने दिलेले नाही. १९७०च्या दशकात शहराची मेट्रो खोदताना निघालेली माती-दगड समुद्रात भरून ते तयार केले. बंगळूरकरांनी मेट्रोच्या खोदकामापायी सोसलेली धूळ आठवली की हेवा वाटतो, पण आपल्याकडे समुद्रच नाही त्याला काय करणार! नऊशे मीटर उंचीवर आपण बसलो आहोत, आणि मंगळूर काय किंवा चेन्नई काय, दोन्हीकडे साडेतीनशे किलोमीटर.

प्रादोच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. तिथे यूव्होन नावाची छोटी नदी समुद्राला मिळते. कोरड्या दिवसांत तिचे पाणी वळवून मैलाशुद्धीकरण केंद्राकडे नेतात, पण जोराचा पाऊस झाला की ते शहराची घाण घेऊन थेट किनाऱ्यावर येते आणि पालिका पोहायला बंदी करते. तेव्हा आदल्या रात्री विजांसह पाऊस झाला असेल, तर सकाळी पाण्याचा नाद सोडून संग्रहालय बघायला जावे हे उत्तम.

आपली सुट्टी आणि त्यांचा समुद्र

इथेच खरी अडचण आहे. कर्नाटकातल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मे मध्ये. त्या वेळी मार्सेलिसला ऊन छान असते, पण समुद्र अजून हिवाळ्यातून उठलेला नसतो. एप्रिलात पाणी साधारण चौदा अंश, मेअखेरीस सतरा-अठरा. आपल्याला अंघोळीचे पाणी चाळीसच्या आसपास लागते, म्हणजे काय होईल याची कल्पना करा. मुले ओरडत का होईना उतरतील. आई गुडघ्यापर्यंत जाऊन परत येईल, आणि ‘तुम्ही खेळा, मी सामानाजवळ बसते’ हे वाक्य पुन्हा एकदा बोलले जाईल.

जुलै-ऑगस्टमध्ये पाणी बावीस-तेवीस अंशांपर्यंत जाते, पण तेव्हा आपल्या शाळा सुरू आणि तिथे सगळ्या फ्रान्सची सुट्टी. हॉटेलचे दर चढलेले, गाड्या भरलेल्या. उत्तम महिना सप्टेंबर. ज्यांची मुले मोठी झाली आहेत त्यांनी दुसरा विचारच करू नये. शाळकरी मुले असलेल्यांनी दसऱ्याच्या सुट्टीचा विचार करावा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, एकोणीस-वीस अंश तरी मिळतात. दोन तोटे आहेत. शरद ऋतूत त्या भागात मुसळधार पावसाचे एक-दोन झटके येतात, आणि किनाऱ्यावरचे जीवरक्षक साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीलाच घरी गेलेले असतात. तेव्हा ऑक्टोबरमध्ये मुलांवर लक्ष ठेवायचे काम पूर्णपणे मोठ्यांचे. त्यात एका मोठ्या माणसाने पिशव्यांवर नजर ठेवायची आणि त्यानेच मुलांवरही, असे करू नका. दोन कामे, दोन माणसे.

मिस्त्राल नावाचा वारा हाही या शहराचा एक मानकरी आहे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून तो सुसाट खाली येतो, थंड आणि कोरडा. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते, फोटो सुंदर येतात. पण हा वारा वरचे कोमट पाणी आत समुद्रात लोटतो आणि खालचे गार पाणी वर येते. भर जुलैतसुद्धा एका दिवसात पाणी सहा-सात अंशांनी उतरू शकते. काल मजेत डुंबलेली मुले आज पाय घालून किंचाळतात ती यामुळे. अशा वेळी वाद न घालता दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी. चार दिवसांच्या मुक्कामात समुद्राला दोन दिवस मोकळे ठेवावेत, कोणते ते वाऱ्याला ठरवू द्यावे.

भरती-ओहोटीची मात्र काळजी नको. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीला पाणी चारपाच मीटर चढते. मार्सेलिसला ते वीत-दीड वीत चढले तर चढले. टॉवेल जिथे पसरला तिथेच संध्याकाळपर्यंत राहतो. पाणीही अधिक खारट आहे. जगातल्या समुद्रांत लिटरला सरासरी ३५ ग्रॅम मीठ, तर इथे सुमारे ३८. त्यामुळे अंग थोडे अधिक हलके तरंगते, आणि डोळे थोडे अधिक चुरचुरतात.

उन्हाळ्यात गेलात तर झेंडे वाचायला शिका. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे उतरायचे नाही. २०२२ पासून जांभळा झेंडाही आहे. तो पाणी दूषित असल्याची किंवा जेलीफिशसारखे त्रासदायक प्राणी आल्याची सूचना देतो. अर्धा तांबडा अर्धा पिवळा असा झेंडा जिथे दोन्ही बाजूंना रोवलेला असेल, त्या पट्ट्यातच जीवरक्षकांची नजर असते. जेलीफिशचा चटका बसलाच तर ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवायची. गोडे पाणी लावायचे नाही आणि चोळायचेही नाही. आईचा हात आपोआप चोळायला जातो, म्हणून मुद्दाम लिहिते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा नंबर सगळ्या युरोपात चालतो.

पिशवीत काय, अंगावर काय

आता मूळ मुद्दा. किनाऱ्यावर जाताना चोरीला जाण्यासारखे काही नेलेच नाही, तर राखणीला कोणी बसायलाही नको. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवावेत, त्यांच्या झेरॉक्स प्रती जवळ. दिवसापुरते पैसे आणि एकच कार्ड, तेही गळ्यात अडकवायच्या जलरोधक थैलीत, खोलीच्या किल्लीसह. ही थैली खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळते. आधी घरी बादलीत बुडवून पाहावी, आत कागदाचा तुकडा घालून. मोबाईल एकच न्यावा. पाच माणसांचे चार मोबाईल म्हणजे चार काळज्या. बाकी पिशवीत पाण्याच्या बाटल्या, फळे, सुके कपडे. हे कोणी नेत नाही.

सोन्याचे काय? हा प्रश्न अनेकजणी दबक्या आवाजात विचारतात. सासूबाईंच्या पाटल्या आणि सुनेचे मोठे मंगळसूत्र बंगळूरलाच लॉकरमध्ये ठेवून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गर्दीत साखळी हिसकावणे हा प्रकार काही फक्त आपल्याकडे होत नाही. गळा मोकळा ठेवायचा नसेल तर काळ्या मण्यांची साधी पोत आहेच. पण हा निर्णय जिचा गळा तिने घ्यावा. सासूबाईंशी आधी बोलून घ्यावे, विमानतळावर नव्हे.

कपड्यांचा विषय निघाला की आपल्या घरांत एकदम शांतता पसरते. बायकांना पाण्यात न उतरण्याचे एक कारण पिशव्या असते, दुसरे हे. तिथल्या किनाऱ्यावर ऐंशी वर्षांच्या आजीबाईही पोहण्याच्या कपड्यांत असतात, सुटलेली पोटे असतात, शस्त्रक्रियेचे व्रण असतात, आणि कोणी कोणाकडे बघत नाही. काही स्त्रिया वरचा कपडा न घालता ऊन खातात. मुलांना आधी सांगून ठेवले म्हणजे कोपराने ढोसणे आणि खुसखुसणे होणार नाही. फोटो काढताना परकी माणसे चौकटीत येणार नाहीत इतके पाहावे. आपल्याला अंग झाकलेले बरे वाटत असेल तर लांब बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंतचा, पोहण्याच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचा पोशाख मिळतो. २०१६ मध्ये फ्रान्सच्या काही गावांनी किनाऱ्यावर अंगभर पोशाखावर बंदी घातली होती; त्या वर्षीच्या २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यांतल्या एका गावाची बंदी स्थगित केली. सार्वजनिक तलावांचे नियम मात्र वेगळे आणि कडक असतात. तिथे अंगाला घट्ट बसणारा पोशाखच लागतो आणि बहुतेक ठिकाणी डोक्याला टोपीही. सुती सलवार-कमीज आणि ओढणी घालून मात्र समुद्रात जाऊ नका. भिजलेले सुती कापड जड होते, पायांत गुंडाळते, आणि लाटेत उभे राहणे कठीण होते. सासूबाईंना नऊवारी-पाचवारी खोचून घोटाभर पाण्यात उभे राहायला हरकत नाही, कोणाचा तरी हात धरून.

कपडे बदलायला आडोसा फारसा मिळत नाही. फवारे असतात, खोल्या कमी. तिथल्या बायका टॉवेल गुंडाळून सराईतपणे कपडे बदलतात. यात आपण का बिचकावे? पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात, नाशिकला गोदाघाटावर आपल्या आज्यांनी हजारो माणसांत परकर दातांत धरून कपडे बदललेच की! एक ढगळ, नाडीचा परकर पिशवीत टाका, त्यासारखा तंबू जगात नाही. जाड टॉवेलांऐवजी पंचे न्या. वजन कमी, वाळतात चटकन. मार्सेलिसच्या दुकानांत ‘फुता’ नावाचे जे पातळ सुती कापड किनाऱ्यासाठी विकायला असते, ते ट्युनिशियाकडचे आपल्या पंचाचे भावंडच आहे.

महिन्याच्या तारखाही तिकिटे काढण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. पुरुषमंडळी हे लक्षात घेत नाहीत आणि बायका बोलत नाहीत.

मग किनाऱ्यावरचा क्रम असा लावावा. पहिला अर्धा तास बाबा आणि मुलगी पाण्यात, आई, आजी आणि मुलगा काठावर. पुढचा अर्धा तास आई आणि मुलगा. मग बाबा पिशव्यांजवळ वर्तमानपत्र घेऊन बसतील आणि आई, आजी, दोन्ही मुले एकदमच जातील. हा शेवटचा अर्धा तास आधी बोलून ठरवला नाही, तर तो होत नाही असा साऱ्यांचा अनुभव आहे. त्याहून सोपे हवे असेल तर नीसला एक दिवस जाऊन खाजगी किनाऱ्यावर खाटा भाड्याने घ्या. एका खाटेला दिवसाचे वीस-पंचवीस युरो तरी पडतात, पण छत्री, आडोसा आणि आसपास नोकरमाणसांचा राबता मिळतो. फ्रान्समध्ये १९८६च्या किनारा कायद्याने समुद्रकाठ सर्वांना मोकळा आणि फुकट ठेवला आहे. खाटांचा धंदा करणाऱ्यालाही पाण्याच्या कडेने जायची वाट सोडावी लागते. म्हणजे पैसे द्यायचे ते खाटेचे, समुद्राचे नव्हेत. २०२५च्या जूनअखेरीपासून तिथल्या किनाऱ्यांवर धूम्रपानालाही बंदी आहे, हे यजमानांच्या कानावर घालावे.

खाण्याचे हाल होत नाहीत. नीसला सोक्का म्हणून जे रस्त्यावर मिळते ते हरभऱ्याच्या पिठाचे, ऑलिव्ह तेलातले, भट्टीतले धिरडेच. मार्सेलिसची पानिस म्हणजे त्याच पिठाच्या शिजवून तळलेल्या वड्या. शाकाहारी मंडळींनी तिथे लिमलेट काढायची गरज नाही. पाँ बान्या नावाच्या गोल सँडविचमध्ये मात्र मासा असतो. घरून चकल्या, चिवडा, थालीपिठाची भाजणी न्यावी. पेढे, खवा, तुपाची बरणी नेऊ नये, कारण युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. मे महिन्यात गेलात तर हापूसची पेटीही नको. आंब्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो.

व्हिसाचे थोडक्यात सांगते. फ्रान्ससाठीचा शेंगेन व्हिसाचा अर्ज बंगळूरच्या व्हीएफएस केंद्रात देता येतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. पंधरा दिवसांच्या आत घेत नाहीत. जून २०२४ पासून फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. म्हणजे पत्रातल्या कुटुंबाला तेरा वर्षांच्या मुलाची पूर्ण फी धरून ४०५ युरो, शिवाय केंद्राचा आकार. प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. सासूबाईंचे जुने आजार विमा कंपनीला लिहून कळवावेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली, तेव्हा उतरल्यावरच्या रांगेसाठी वेळ हाताशी ठेवून पुढची गाडी निवडा. पॅरिसहून मार्सेलिस साधारण सव्वातीन तास. सँ शार्ल स्टेशनासमोरच्या भव्य जिन्याला १०४ पायऱ्या आहेत. त्या फोटोपुरत्या पाहाव्यात आणि सामान घेऊन स्टेशनाच्या पोटातल्या मेट्रोनेच जावे.

एवढे करूनही पासपोर्ट हरवलाच, तर आता पॅरिसला धावावे लागत नाही. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी मार्सेलिसमध्ये भारताची वाणिज्य वकिलात सुरू झाली आहे.

मराठी माणसाला या शहराचे नाव समुद्रस्नानासाठी ठाऊक नाही, हेही खरे. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून उडी घेतली ती इथल्या बंदरात. काठ गाठूनही ते पकडले गेले, इंग्रजांच्या ताब्यात परत दिले गेले, आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे जाऊन २४ फेब्रुवारी १९११ला निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला. बरोबर आजोबा-आजी असतील तर ती जागा दाखवा असा हट्ट होणारच. मासळीबाजार भरतो त्या जुन्या बंदरावर उभे राहून लोक ‘इथेच’ म्हणून सांगतात, पण मोठ्या आगबोटींसाठी एकोणिसाव्या शतकातच उत्तरेला जोलिएतची नवी गोदी बांधलेली होती. तेव्हा पाहायचे तर तिकडे जाऊन पाहावे. त्या काळी इंग्लंडला जाणारे अनेक हिंदी प्रवासी इथेच उतरून पुढे रेल्वेने जात. ११ सप्टेंबर १९३१ला गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही इथेच उतरले होते.

राहिली रंगीत तालीम. मार्सेलिसला जाण्याआधी एकदा कारवारला जाऊन यावे असे मी सुचवीन. बंगळूरहून संध्याकाळी निघणारी पंचगंगा एक्स्प्रेस सकाळी तिथे पोहोचते. रवींद्रनाथ टागोरांचे नाव दिलेला तिथला किनारा अगदी शहराला लागून आहे, काठावर ‘चपळ’ या युद्धनौकेचे संग्रहालय आहे, आणि कानावर कोंकणी-मराठी पडत असल्याने सासूबाईंना परके वाटत नाही. पावसाळ्यात मात्र जाऊ नये, अरबी समुद्र तेव्हा कोणाचे ऐकत नाही. डिसेंबर-जानेवारीत जा, जीवरक्षकाला विचारून उतरा, तिथे आळीपाळीचा क्रम लावून पाहा, गळ्यातली थैली पाहा, परकराचा तंबू पाहा. यजमान पिशव्यांजवळ किती वेळ न चुळबुळता बसू शकतात तेही कळेल. आणि शेवटच्या अर्ध्या तासाला सासूबाईंना हात देऊन उठवा. पहिल्या दिवशी उठणार नाहीत. म्हणून मुक्काम दोन दिवसांचा ठेवा.